वॅटचा आकडा आणि कानाची साक्ष

मडके विकत घेताना आई ते बोटाने वाजवून पाहते, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. परंतु घरात चित्रपटगृहासारखा ध्वनी यावा म्हणून जो रिसीव्हर घ्यावयाचा, त्याची परीक्षा इतकी सोपी नाही. ती कशी करावी, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रथम या यंत्राचे कार्य पाहू. दूरचित्रवाणी संचाकडून वा अन्य साधनाकडून आलेले ध्वनिसंकेत रिसीव्हर स्वीकारतो, त्यांतील निरनिराळे प्रवाह वेगळे करतो आणि प्रत्येकाची शक्ती वाढवून तो त्या त्या स्पीकरकडे पाठवितो. ‘५.१’ या संज्ञेतील पाच म्हणजे समोरचे डावा, मधला व उजवा आणि श्रोत्यांच्या दोन्ही बाजूंचे दोन असे पाच स्पीकर. पुढील एक म्हणजे केवळ खर्जाचा ध्वनी देणारा सबवूफर. २०१२ साली आलेल्या डॉल्बी ॲटमॉस पद्धतीत डोक्यावरून येणाऱ्या ध्वनीचीही योजना आहे. तथापि लहान खोलीत नऊ स्पीकर कोंबण्यापेक्षा पाच नीट मांडणे श्रेयस्कर होय.

आता वॅटकडे वळू. समजा, एका यंत्रावर ‘८० वॅट’ व दुसऱ्यावर ‘१५० वॅट’ असे लिहिले आहे. दुसरे थोर, असे आपण सहज म्हणू. परंतु बारीक अक्षरे वाचावीत. पहिल्याचे मापन ८ ओहमच्या भारावर, दोन स्पीकर एकाच वेळी चालवून, २० ते २०,००० हर्ट्झ या संपूर्ण पल्ल्यात, ०.०८ टक्के विकृती असताना केलेले असेल. दुसऱ्याचे ६ ओहमवर, एकच स्पीकर चालवून, केवळ १,००० हर्ट्झला आणि १० टक्के विकृती पत्करून! मापे भिन्न असता तुलना व्यर्थ ठरते. अशाच फसव्या आकड्यांना आळा घालण्यासाठी अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने १९७४ साली मापनाचा नियम केला.

शिवाय आपला कान वॅटच्या प्रमाणात ऐकत नाही. शक्ती दुप्पट केली असता ध्वनी केवळ ३ डेसिबेलने वाढतो. तो दुप्पट मोठा वाटण्यास सुमारे दसपट शक्ती लागते. ८० व १०० वॅटमधील अंतर तर एका डेसिबेलहूनही किंचित कमीच भरते. याउलट, एक वॅट शक्तीवर एक मीटर अंतरावर ८७ डेसिबेल देणाऱ्या स्पीकरऐवजी ९० डेसिबेल देणारा निवडला, तर निम्म्या शक्तीत तेवढाच ध्वनी मिळतो. स्पीकरचा रोध यंत्राला मानवणारा आहे ना, हेही पाहावे. तो फार कमी असल्यास यंत्र अधिक विद्युत्प्रवाह देते व तापते.

आमच्या शेजारच्या एका कुटुंबाने साठविलेल्या पैशांतून अधिक वॅटचे यंत्र आणले. हेतू एकच होता, की आजोबांना नाटक-सिनेमातील संवाद ऐकू यावेत. यंत्र आले, स्फोटांचे आवाज घुमू लागले, पण आजोबांना संवाद काही कळेनात. कारण उघड होते. संवाद बहुतांशी मधल्या स्पीकरमधून येतात, आणि तो कपाटाच्या आत मागे ढकललेला होता. तो पुढे घेतला, रिसीव्हरवर त्याची पातळी तेवढी वाढविली, आणि आजोबांची तक्रार मिटली. यासाठी जुने यंत्रही पुरले असते!

दुकानात ऐकताना एक दक्षता अवश्य घ्यावी. दोन यंत्रांपैकी जे किंचित मोठ्याने वाजते, तेच कानाला गोड वाटते. यास्तव दोहोंचा आवाज सारखा करून, तोच स्पीकर व तोच परिचित प्रसंग ऐकावा. आपल्या दूरचित्रवाणी संचाशी जोडणी जुळते का, खोलीनुसार ध्वनी जुळवून घेणारा मायक्रोफोन सोबत आहे का आणि यंत्राभोवती हवा खेळेल एवढी जागा घरी आहे का, हेही विचारात घ्यावे.

तात्पर्य, आकडा खोटा नसतो, पण तो कोणत्या अटींवर सांगितला आहे हे न विचारणारा ग्राहक मात्र फसतो. गणिताच्या उत्तरापुढे एकक लिहावयाचे राहिले, तर गुरुजी गुण कापतात. तोच कडक बाणा आपण बाजारातही ठेवावा.