न जुनी, न नवी : मधल्या वयाच्या इमारतींविषयी

'जुनी इमारत कोणती?' असे आम्ही वर्गात विचारले, म्हणजे लोहाऱ्याची मुले बहुधा एकमुखाने कमलेश्वराच्या देवालयाचे नाव घेतात. उत्तर योग्य आहे. ते देवालय हेमाडपंती पद्धतीचे, म्हणजे घडीव दगडावर घडीव दगड चुन्यावाचून बसवून रचलेले आहे. आणि ज्याच्या नावाने ही पद्धत ओळखली जाते तो हेमाद्री पंडित तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांचा मंत्री होता. परंतु 'तुमच्या आजोबा-पणजोबांच्या काळी बांधलेली इमारत जुनी की नवी?' असे पुढे विचारताच वर्ग स्तब्ध होतो. त्या इमारतींविषयी आज चार शब्द सांगावयाचे आहेत.

इमारत नवी असते तेव्हा तिचे कौतुक होते. ती प्राचीन झाली म्हणजे तिला मान मिळतो. मधल्या वयात मात्र तिला कोणी विचारीत नाही. गिलावा गळालेला, तावदाने फुटलेली, घडण जुन्या चालीची. अशी ती पाहिली की पाडून टाकण्याचा विचार प्रथम सुचतो. पण आज आपण ज्यांस प्राचीन म्हणतो, त्या सर्व वास्तू एके काळी ह्याच वयातून गेल्या आहेत. त्या वयात कोणी तरी त्यांस राहू दिले, म्हणून त्या आपल्यास लाभल्या.

आपल्या विदर्भातील नागपूर शहराकडे पाहा. तेथे महाल भागात भोसल्यांचा राजवाडा होता. काळ्या दगडाचे बांधकाम आणि त्यावर लाकडी नक्षीकामाची समृद्धी, अशी त्याची ख्याती होती. इ. स. 1864 मध्ये तो आगीत भस्म झाला. मोठा दरवाजा तेवढा वाचला. तेथे कोणते कारागीर राबले, कोणत्या तुळईवर कोणती वेल कोरली होती, हे आता त्या राखेला कोण विचारणार? अग्नीपुढे मनुष्याचा इलाज चालत नाही, हे खरे. परंतु जी वास्तू गेली तिच्याबद्दल हळहळणे सोपे असते; जी उभी आहे तिच्याकडे मान वर करून पाहणेच कठीण जाते.

त्याच शहरात उच्च न्यायालयाची भव्य इमारत आहे. दिल्लीतील दोन प्रसिद्ध ख्रिस्तमंदिरे ज्यांनी रचली, त्या हेन्री मेड ह्या स्थापत्यविशारदाने तिचा आराखडा केला. 9 जानेवारी 1937 रोजी कोनशिला बसली आणि 6 जानेवारी 1940 रोजी तिचे उद्घाटन झाले. खर्च 7,37,746 रुपये आला. बाहेरून ताशीव दगड, आतून विटांची भर, आणि मध्यभागी जमिनीपासून 109 फूट उंचीचा घुमट, अशी तिची रचना आहे. ती उभी राहिली तेव्हा आपले यवतमाळ 'मध्यप्रांत व वऱ्हाड' ह्या प्रांतात होते. तो प्रांत नकाशावरून गेला; 1956 पासून तेथे मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ बसू लागले. राज्ये बदलली, पण साक्षीदार जागेवर आहे. न्यायदानाचे काम तेथे चालू असल्यामुळे तिला निगाही मिळते. कारण उपयोगासारखा दुसरा राखणदार नाही.

आता थोडे गणित करा. 1958 च्या केंद्रीय कायद्याप्रमाणे 'प्राचीन स्मारक' ठरण्यास वास्तू निदान 100 वर्षांची असावी लागते. म्हणजे 1940 ची इमारत 2040 मध्ये त्या पात्रतेस येईल. तोपर्यंत तिला कोणी सांभाळावे? दिल्लीचे उदाहरण ह्या बाबतीत बोलके आहे. 1972 साली तेथे 'हॉल ऑफ नेशन्स' हे प्रचंड प्रदर्शनगृह उभे राहिले. राज रेवाल ह्यांची कल्पना, महेंद्र राज ह्यांचे अभियांत्रिकी गणित, आणि पोलाद दुर्मिळ म्हणून मजुरांच्या हातांनी ओतलेले काँक्रीट, अशी ती स्वतंत्र भारताच्या पंचविशीची निशाणी होती. ती वाचविण्याची विनंती झाली, तेव्हा साठ वर्षे न भरलेल्या वास्तूचा वारसा म्हणून विचार होत नाही, असे उत्तर मिळाले. एप्रिल 2017 मध्ये एका रात्री ती पाडण्यात आली. तिचे वय अवघे पंचेचाळीस होते!

ह्याच्या उलट मुंबईकडे पाहा. तेथे 1995 मध्ये शहराने आपल्या वारसावास्तूंसाठी नियम केले. देशात असे नियम प्रथम तेथेच झाले. ओव्हल मैदानाच्या एका बाजूस एकोणिसाव्या शतकातील गॉथिक धाटणीच्या इमारती, तर दुसऱ्या बाजूस 1930 नंतरच्या 'आर्ट डेको' पद्धतीच्या चाळिसेक वर्षांपूर्वीपर्यंत सामान्य वाटणाऱ्या राहत्या इमारती आहेत. नागरिकांनी पुष्कळ वर्षे नेटाने प्रयत्न केले आणि 2018 मध्ये ह्या दोन्ही रांगांस जागतिक वारशाचा मान मिळाला. त्या घरांतील रहिवासी आजही तेथेच संसार करीत आहेत.

येथे पालकांचा आक्षेप आम्हांस ऐकू येतो : 'गळक्या घरात कोणी राहावे, गुरुजी? दुरुस्तीचा खर्च कोण देणार?' आक्षेप रास्त आहे. प्रत्येक भिंत राखावी असे आमचे म्हणणे नाही. परंतु पाडण्यापूर्वी ती काय होती एवढे तरी लिहून ठेवावे. आम्ही ज्या शाळागृहात मुळाक्षरे गिरवली, ते कवेलूंचे घर पुढे पाडले गेले. त्याचे एकही स्वतंत्र छायाचित्र आमच्यापाशी नाही. वर्गाच्या एका जुन्या फोटोत, मागच्या रांगेतील मुलांच्या डोक्यांवर, खिडकीची अर्धी कमान तेवढी दिसते. त्या वेळी कोणी पंधरा मिनिटे खर्च केली असती तर! त्या कोणामध्ये आम्हीही आलोच.

म्हणून ह्या सुट्टीचा अभ्यास असा. आपल्या घराजवळील, पन्नास ते शंभर वर्षांच्या दरम्यानची एक इमारत निवडा. मालकाची परवानगी घेऊन जोते, ओसरी व दारे-खिडक्या मोजा; नकाशा काढा. भिंत कशाची, छप्पर कशाचे, तुळया कोणत्या लाकडाच्या, ते लिहा. ती कोणी बांधली, तेथे कोणते काम चाले, हे घरातील वडीलधाऱ्यांस विचारा व त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्या. चारही बाजूंनी छायाचित्रे काढून त्यांवर तारीख घाला. शाळा उघडल्यावर ह्या वह्या आम्ही ग्रंथालयाच्या कपाटात ठेवू.

इमारत वाचविणे प्रत्येक वेळी आपल्या हाती नसते. ती नीट पाहणे मात्र नेहमीच आपल्या हाती असते, आणि ज्याने ती एकदा नीट पाहिली, तो ती पाडण्यास सहसा घाई करीत नाही.