चतुराच्या कपाळावरचे तीन डोळे



चतुराला डोळे किती, असे विचारले तर बहुतेकजण दोन म्हणतील. डोके व्यापून टाकणारे ते दोन संयुक्त डोळे लगेच दिसतात. पण त्यांच्यामध्ये, कपाळावर, मण्यांसारखे आणखी तीन बारीक डोळे असतात. त्यांना साधे डोळे म्हणतात. टोळ, मधमाशी, घरमाशी यांनाही ते असतात.

साध्या डोळ्याला भिंग एकच. बहुतेक कीटकांत त्यातून पडणारी प्रतिमा धूसर असते. मग असा डोळा हवा कशाला? याचे उत्तर त्याच्यामागच्या चेतातंतूंत आहे.

संयुक्त डोळ्याचा संदेश मेंदूत जाताना तीन टप्प्यांत चाळला जातो. त्यात वेळ जातो. साध्या डोळ्याची वाट आखूड. चतुराच्या मधल्या साध्या डोळ्यात सुमारे १५०० प्रकाशग्राही पेशी आहेत आणि त्या आपली माहिती अवघ्या ११ मोठ्या चेतापेशींकडे सोपवतात! एवढे एकत्र ओतल्यावर बरेच बारकावे बुडतात, पण उजेडातला थोडासा फरकही चटकन कळतो. या पेशींचे तंतू जाड असल्याने संदेश वाटेत फारसा विरत नाही. ते थेट मेंदूच्या मागच्या भागात पोचतात, आणि तिथून दुसऱ्या चेतापेशी मान व पंखांपर्यंत निरोप नेतात.

आता गंमत पाहा. उजेड पडला की प्रकाशग्राही पेशी हिस्टामिन सोडते (डास चावल्यावर आपल्याला खाज आणणारे तेच रसायन!) आणि पुढची चेतापेशी शांत होते. अंधारले की ती जागी होते. समजा, वाऱ्याने चतुर डावीकडे कलला. डाव्या साध्या डोळ्यासमोर उजळ आकाश कमी आणि काळपट जमीन जास्त आली. त्या बाजूची चेतापेशी लगेच जागी होते आणि चतुर तोल सावरतो. संयुक्त डोळेही तोल राखायला मदत करतात, पण थोडे मागून.

भीमाशंकरच्या जंगलात रात्री उडणाऱ्या भुंग्यांचा अभ्यास झाला आहे. दिवसा उडणाऱ्या भुंग्यांपेक्षा त्यांचे साधे डोळे मोठे आढळले.

मुंग्यांच्या बहुतेक जातींत कामकरी मुंग्यांना साधे डोळे नसतात. पंख फुटलेल्या मुंग्यांना मात्र असतात! पावसाळ्यात दिव्याखाली अशी मेलेली मुंगी सापडली तर भिंगाखाली तिचे कपाळ पाहा आणि शेजारी साधी मुंगी ठेवून दोघींचे चित्र वहीत काढा.