माणिकगडच्या पहाडावरील वणवा

चंद्रपूर जिल्ह्याच्या नैर्ऋत्येस, तेलंगणाच्या सीमेलगत, माणिकगडचा पहाड पसरलेला आहे. जिवती तालुक्यातील अनेक गावे आणि कोलामांचे गुडे याच पहाडावर वसले आहेत. साग, ऐन, धावडा, मोह, तेंदू व बांबू यांचे हे शुष्क पानझडी वन. होळीच्या सुमारास त्यातील बहुतेक झाडे निष्पर्ण होतात. राज्यात १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा हंगाम मानला जातो, तो याच कारणाने.

या भागातील वणवे बहुतांशी माणसाच्या हातून लागतात. मोहफुले वेचणे सुलभ व्हावे म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटविला जातो. तेंदूला कोवळी पालवी यावी म्हणून झुडपे जाळली जातात. शेताचा बांध जाळताना आग वनात शिरते. राखीव वनात आग लावणे हा १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाच्या कलम २६ अन्वये गुन्हा आहे. तथापि तशीच ठिणगी एके ठिकाणी दहा पावलांवर विझते आणि दुसरीकडे अख्खी टेकडी काळी करते. हा फरक ठिणगीचा नसून वनाच्या स्थितीचा आहे.

सागाचे पान मोठे व जाड असते. ते वाळून वळते. त्यामुळे पाचोळ्याचा थर पोकळ राहतो, त्यात हवा खेळते आणि ज्वाला झपाट्याने पुढे सरकते. वाळलेले गवत याहून वेगाने पेटते. हे बारीक इंधन हवेतील ओलावा चटकन घेते व तितक्याच चटकन सोडते. म्हणूनच पहाटे रेंगाळणारी आग दुपारी दोनच्या सुमारास आटोक्याबाहेर जाते. ओंडक्याला वाळण्यास मात्र दिवसच्या दिवस लागतात. एकदा पेटला की तो रात्रभर धुमसतो आणि विझली असे वाटणारी आग सकाळच्या वाऱ्याने पुन्हा उठते.

त्यात भर उताराची. चढावर ज्वाला जमिनीकडे झुकते आणि वरचे इंधन आधीच तापवून वाळविते. उतार दहा अंशांनी वाढला की आगीचा वेग साधारणपणे दुप्पट होतो, असा ठोकताळा आहे. पायथ्याशी लागलेला वणवा पहाडाची कड लवकर गाठतो, तो यामुळेच. उलट, ओलसर नाल्याकाठची हिरवी झाडी त्याला अनेकदा अडविते.

येथील आग बहुधा जमिनीलगत धावते. मोठी झाडे तगतात, म्हणून नुकसान डोळ्यांत भरत नाही. मरतात ती रोपे. सागाचे रोप वरून जळाले तरी मुळातून पुन्हा फुटते, पण दरवर्षी जळणारे रोप उंच होणार कधी? ज्या मोहावर कुटुंबाची उन्हाळ्यातील मिळकत अवलंबून असते, त्याखाली नवा मोह उभाच राहत नाही. वन विरळ होते, जमिनीवर ऊन पोहोचते, गवत माजते आणि पुढील वर्षीच्या वणव्याला अधिक इंधन मिळते.

डेहराडून येथील भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहांच्या साहाय्याने आगीची सूचना देते. त्यांपैकी एका उपकरणाच्या चित्रातील एक ठिपका ३७५ मीटर लांबी-रुंदीचा असतो. तेथे सागाचा पाचोळा आहे की ओला नाला, हे गुराखी व वनरक्षक यांनाच ठाऊक. जाळरेषांचेही तसेच आहे. हंगामापूर्वी स्वच्छ केलेल्या रेषेवर सागाची पाने मार्चपर्यंत पडत राहतात. ती पुन्हा झाडली नाहीत तर आग त्याच पानांवरून पलीकडे जाते. नेमके हेच दुसरे झाडणे राहून जाते.

मोहाखालचा पाचोळा जाळण्याऐवजी झाडून दूर करता येतो किंवा झाडाखाली जाळी अंथरता येते. तेंदूची झुडपे छाटली तरी नवी पालवी येते. गोंडपिपरी तालुक्यातील पाचगावला २०१२ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. तेथील ग्रामसभेने तर तेंदूपाने तोडणेच बंद केले. त्यासाठी लावली जाणारी आग आणि होणारी फांद्यांची तोड वनाला घातक ठरते, हे त्यामागील कारण होते. हाती येणारा पैसा सोडून गावाने आपल्या बांबूवर भिस्त ठेवली.