गोड फळाफुलांचा परफ्युम: पारख आणि परीक्षण

गोड, फळाफुलांच्या वासाचा स्त्रियांचा परफ्युम दुकानात पहिल्या फवाऱ्यालाच आवडतो. त्यात काही खटकण्यासारखे असलेच तर ते घरी आल्यावर, दुपार कलताना कळते. याचे कारण त्याच्या घडणीतच आहे. आधी नाकात शिरते ते फळ: नासपती, सफरचंद, लिची, पीच, ब्लॅककरंट. त्यामागून गुलाब, मोगरा, संत्र्याचे फूल किंवा फ्रीझिया उमलते. शेवटी अंगावर उरतात व्हॅनिला, कॅरमेल, पाचोली आणि मस्क. बाटली विकली जाते फळाच्या जोरावर. दिवस काढावा लागतो साखरेसोबत.

परफ्युममध्ये फळ आले ते फार पूर्वी. 1919 साली जाक गेरलाँ यांनी ‘मित्सुको’त पीचचा वास देणारे लॅक्टोन वापरले. या धंद्यात त्या द्रव्याला आजही ‘अल्डिहाइड सी-14’ म्हणतात, जरी ते अल्डिहाइड नाही. 1990 च्या ‘ट्रेझॉर’मध्ये सोफिया ग्रॉइसमन यांनी गुलाब आणि पीच यांची घट्ट सांगड घातली. खरी कलाटणी दिली ती 1992 च्या ‘एंजल’ने. ऑलिव्हिए क्रेस्प यांनी त्यात एथिल माल्टोल सढळ हाताने घातले आणि जोडीला पाचोलीचा मातकट कडूपणा ठेवला. एथिल माल्टोलचा वास म्हणजे थेट जत्रेतले ‘म्हातारीचे केस’. तोवर खाऊच्या वासाचा परफ्युम मोठ्या बायकांनी लावावा, ही कल्पनाच रुजलेली नव्हती. पुढे फळ, फूल आणि साखर हा मेळ इतका चालला की दोन निराळ्या कंपन्यांच्या बाटल्या डोळे मिटून ओळखणे अवघड व्हावे.

खोक्यावरची वर्णने वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. तेथे लिहिलेली नासपती, लिची, पिओनी ही घटकद्रव्ये नसतात. नासपती किंवा लिचीतून परफ्युमला लागणारे तेल काढता येत नाही; ते वास रसायनांनी बांधावे लागतात. लिंबूवर्गीय फळांच्या सालीतून मात्र तेल निघते. फुलांचेही तसेच: गुलाब आणि मोगऱ्याचा अर्क मिळतो, पिओनी आणि लिली ऑफ द व्हॅली यांचा वास प्रयोगशाळेतच जुळवला जातो. यात फसवणूक नाही. वर्णन वासाच्या आभासाचे असते इतकेच. मोगऱ्याच्या बाबतीत मराठी नाकाची अपेक्षा वेगळी असते. खऱ्या फुलात इंडोल नावाचे द्रव्य असते, त्यामुळे रात्री उशिरा गजऱ्याचा वास जडावतो. आजच्या फळाफुलांच्या परफ्युममध्ये हा जडपणा बहुधा गाळलेला असतो. गजऱ्याची सवय असलेल्या बाईला तो मोगरा धुतलेला वाटला तर नवल नाही.

आता टिकण्याबद्दल. नासपती आणि सफरचंदाचा भास देणारी एस्टरे हलकी असतात आणि चटकन उडून जातात. एथिल माल्टोल, व्हॅनिलिन आणि मस्क जड, म्हणून रेंगाळणारी. पीच याला अपवाद, कारण त्याचे लॅक्टोन चिवट असते. प्रस्तुत लेखिकेच्या अनुभवातला असा एक परफ्युम एसी दुकानात, कागदी पट्टीवर नुकत्या कापलेल्या नासपतीइतका ताजा होता. ऑक्टोबरच्या उन्हात, लोकलच्या गर्दीत ती नासपती केव्हाच पसार झाली आणि पाकाचा वास तेवढा मानेला धरून राहिला. शेजारच्या बाईने तोंड फिरवले, त्याचा अर्थ विचारावा लागला नाही. थंड हवेत, कागदावर, पाच मिनिटांत घेतलेली परीक्षा घामेजलेल्या कातडीला लागू पडत नाही.

म्हणून कागदी पट्टीचा उपयोग नावडते बाजूला काढण्यापुरताच करावा. आवडलेला एक परफ्युम मनगटावर, दुसरा फार तर दुसऱ्या मनगटावर मारून घ्यावा आणि काही न घेता दुकानाबाहेर पडावे. विक्रेती सवलतीची मुदत आजच संपते असे सांगेल. सवलत पुन्हा येते. मनगटे एकमेकांवर घासू नयेत, त्याने वरचा थर आणखी लवकर उडतो. काउंटरवर ठेवलेल्या कॉफीच्या बियांनी नाक ताजे होते हा समज आहे. बाहेरची मोकळी हवा तेच काम करते. तीन-चार तासांनी मनगटाला येणारा वास आवडला तरच परत जावे. ज्या ऋतूत वापरायचा त्याच ऋतूत तो पारखलेला बरा.

स्वतःच्या नाकावरही पूर्ण भरवसा ठेवता येत नाही. एकच वास सतत येत राहिला की मेंदू त्याची दखल घेणे सोडतो. मग वास गेला असे समजून पुन्हा फवारा मारला जातो आणि लिफ्टमधली माणसे श्वास रोखून धरतात. शिवाय काही माणसांना ठरावीक कृत्रिम मस्कचा वास मुळातच येत नाही. त्यामुळे ‘अजिबात टिकत नाही’ असा शेरा परफ्युमपेक्षा शेरा मारणाऱ्याच्या नाकाबद्दलही असू शकतो. जवळच्या एखाद्या माणसाला विचारणे हा यावरचा सोपा उपाय.

परीक्षण लिहिणाऱ्याने ‘छान’, ‘क्लासी’ असे शब्द टाळून किती फवारे मारले, कातडीवर की कपड्यावर, हवा कशी होती आणि कोणत्या तासाला काय उरले, हे लिहावे. ओ द त्वालेत की ओ द पारफ्यँ, हेही नोंदवावे. पहिल्यात सर्वसाधारणपणे 5 ते 15 टक्के सुगंधी अर्क असतो, दुसऱ्यात 15 ते 20. पण एकाच नावाच्या या दोन बाटल्यांत अनेकदा वासही निराळा असतो. जुनी परीक्षणे तर जपूनच वाचावीत. शुभ्र फुलांच्या वासासाठी सर्रास वापरले जाणारे लिलिअल हे द्रव्य युरोपीय संघाने मार्च 2022 पासून सौंदर्यप्रसाधनांत बंद केले. ज्या परफ्युममध्ये ते होते त्यांचे सूत्र बदलावे लागले, खोका मात्र तोच राहिला.

नमुना म्हणून लाँकोमचा 2012 चा ‘ला वी ए बेल’ घेता येईल. सुरुवात ब्लॅककरंट आणि नासपतीची, मध्ये आयरिस, जाई आणि संत्र्याचे फूल, तळाशी प्रालिन, व्हॅनिला आणि पाचोली. आयरिसचा वास फुलातून नव्हे तर वाळवून मुरवलेल्या मुळातून येतो आणि पावडरसारखा कोरडा असतो. त्या कोरडेपणामुळेच हा परफ्युम नुसता पाक होत नाही. मुंबईच्या मे महिन्यात त्याचे दोन फवारेही जास्त होतात. नाशिक-पुण्याच्या थंडीत, संध्याकाळच्या समारंभाला तो शोभतो, मात्र रेशमी साडीवर न मारता कातडीवर, कारण अल्कोहोलचा डाग रेशमावर राहू शकतो. इतकी साखर सोसत नसेल तर 1999 चा ‘जादोर’ आधी हुंगून पाहावा: त्यात फळ आहे, पण राज्य फुलांचे आहे.