आजोबा साक्षर, आजी निरक्षर?

प्रश्न : आमचे आजोबा निजामाच्या काळात उर्दूतून शिकले. त्यांना मराठी वाचता येत नसे. आजी पोथी घडाघडा वाचायची, पण लिहिता येत नव्हतं. सरकारी हिशेबात दोघांपैकी साक्षर कोण?
– एक वाचक, वसमत (जि. हिंगोली)

उत्तर : आजोबा. जनगणनेला लिपीशी देणंघेणं नसतं. कोणत्याही एका भाषेत समजून वाचता आणि लिहिता आलं की माणूस साक्षर. शाळेचा दाखला लागत नाही, ब्रेल वाचणारी अंध व्यक्तीही साक्षर धरतात. नुसती सही येणं मात्र पुरत नाही. १९९१ पासून सात वर्षांखालची मुलं या हिशेबात धरतच नाहीत, मग पोरगं कितीही हुशार असो.

आजीची गोष्ट वाईट वाटण्यासारखी आहे. वाचता येतं पण लिहिता येत नाही, अशा माणसाला नियम स्पष्टपणे निरक्षर म्हणतो. तुमच्या जिल्ह्यातल्या नरसी नामदेवच्या मुलखात अशा पोथी वाचणाऱ्या बाया काही कमी नसतील, त्या सगळ्या रकान्याबाहेर. बाजारातला हिशेब तोंडी करणाऱ्या बाईलाही जनगणनेत त्याचे गुण नाहीत. ‘उल्लास’ या सध्याच्या साक्षरता कार्यक्रमात १५ वर्षांवरच्यांची १५० गुणांची परीक्षा होते. तिथे वाचन, लेखन आणि आकडेमोड यांना प्रत्येकी ५० गुण आहेत. मला हा हिशेब जास्त पटतो.

जनगणनेत तर परीक्षाच नसते. दारात आलेले गुरुजी विचारतात, घरातलं कुणीतरी सांगतं, तेच लिहिलं जातं. २०११ मध्ये हिंगोली जिल्ह्याची साक्षरता ७८ टक्क्यांच्या आसपास निघाली, तीही अशीच विचारून. याउलट क्यूबात १९६१ च्या साक्षरता मोहिमेत शिकलेल्या प्रौढांची शेवटची परीक्षा म्हणजे फिडेल कॅस्ट्रोंना स्वतःच्या हाताने पत्र लिहिणं!

आजोबांच्या उर्दूला अलीकडे भाव आला आहे, हेही सांगतो. २०२३ मध्ये मराठा समाजाला कुणबी दाखले देण्यासाठी नेमलेल्या न्या. संदीप शिंदे समितीसाठी मराठवाड्यात कुणबी नोंदी शोधताना निजामकालीन दप्तरं उघडली. त्यांतली उर्दू आणि मोडी वाचायला जाणकार शोधावे लागले. पदवीधरांना ती अक्षरं लागेनात. आजोबांच्या पेटीत तसले कागद असतील तर रद्दीत घालू नका, आधी कुणा जाणत्याला दाखवा.