मुलांचा बोल सुधारता येतो

आपली मुले शाळेत जातात. पण एखादे मूल वर्गात बोलत नाही. 'काका' म्हणायला जाते आणि 'ताता' म्हणते. एखादे मूल 'म-म-मी' असे अडखळते. बाकीची पोरे हसतात. मग ते मूल तोंडच उघडत नाही. सर्वांना वाटते, याला काही येत नाही. खरे तर त्याला येते, पण सांगता येत नाही. असे मूल अभ्यासात मागे पडते.

घरी म्हणतात, "जीभ जड आहे. मोठा झाला की बोलंल." कोणी वेखंड चाटवते, कोणी नवस बोलते. त्यात वर्षे निघून जातात. लहानपणी थोडे बोबडे बोल सर्वांचेच असतात. 'र' हा आवाज बऱ्याच मुलांना उशिरा येतो. पण पाच वर्षांच्या मुलाचे बोलणे बाहेरच्या माणसाला कळत नसेल, तर वाट पाहू नये. अडखळणे महिनोन् महिने टिकले, तरीही थांबू नये.

बोल सुधारण्याचे काम वाचा-उपचारतज्ज्ञ करतात. याला स्पीच थेरपी असेही म्हणतात. यात सुई नसते. जीभ कुठे लावावी, आवाज कसा काढावा, हे ते खेळातून शिकवतात. पण हे तज्ज्ञ बहुतेक शहरात असतात. किनवट ते नांदेड शंभर किलोमीटरहून जास्त आहे. जळकोटच्या माणसाला लातूर गाठायचे तर दिवस मोडतो. मजुरी बुडते. एकदा जाणे जमते. दर आठवड्याला जमत नाही. मग उपचार अर्ध्यावर राहतो.

आता मोबाईलवर तज्ज्ञ दिसतो, बोलतो, ऐकतो. पण अशा शिकवणीने गुण येतो का? हे कसे ओळखावे?

तुरीचे नवे बियाणे आले, तर शहाणा शेतकरी काय करतो? त्याच रानात चार तासं जुन्या बियाण्याची पेरतो, चार तासं नव्या बियाण्याची. मग उतारा पाहतो. संशोधकही तसेच करतात. अमेरिकेत ओहायो राज्यात खेड्यांतल्या शाळांमध्ये मुलांचे दोन गट केले. एका गटाला समोर बसून शिकवले, दुसऱ्याला पडद्यावरून. पुढे गटांची अदलाबदल केली. दोन्ही गट सारखेच सुधारले. हा अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. ऑस्ट्रेलियात अडखळणाऱ्या ४९ लहान मुलांवर असाच अभ्यास झाला. तो २०१६ साली छापला गेला. तिथेही दोन्ही रीतींत फरक आढळला नाही.

२०१७ साली शाळकरी मुलांवरचे असे सारे अभ्यास एकत्र तपासले गेले. ते सातच निघाले. निकाल चांगला होता, पण सात म्हणजे थोडेच. म्हणून आम्ही म्हणतो, ही रीत उपयोगी आहे, पण ती जादू नव्हे. तिला काही गोष्टींची जोड हवी.

पहिली गोष्ट, आधी कान तपासावा. नीट ऐकू न येणारे मूल नीट बोलणार कसे? ही तपासणी प्रत्यक्ष जाऊनच करावी. टाळू फाटलेली असेल, तर आधी शस्त्रक्रिया लागते.

दुसरी गोष्ट, मुलाजवळ मोठे माणूस बसावे. आई, बाप, आजी कोणीही चालेल. तज्ज्ञ जे सांगतील ते त्या माणसाने शिकून घ्यावे. रोज थोडा वेळ मुलाकडून तोच सराव करून घ्यावा. आठवड्यातून एकदा मोबाईल आणि सहा दिवस काही नाही, असे करून भागत नाही.

तिसरी गोष्ट, जागा शांत असावी. गिरणीचा, टीव्हीचा आवाज नको. मुलाचे तोंड उजेडात दिसावे.

चौथी गोष्ट, घरची भाषा तज्ज्ञाला सांगावी. किनवटकडे तांड्यावरची मुले घरी गोरमाटी बोलतात. देगलूरकडे कितीतरी घरांत तेलुगू चालते. अशा मुलाची मराठी वेगळी वाटली, तर तो दोष नव्हे. मूल घरच्या भाषेतही चुकते का, ते पाहावे लागते.

मूल अडखळले, तर त्याचा शब्द आपण पुरा करू नये. हसू तर मुळीच नये. त्याचे बोलणे संपेपर्यंत ऐकावे.

मग जावे कुठे? राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला. त्यात अंगणवाडीतल्या मुलांची वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेतल्या मुलांची एकदा तपासणी ठरलेली आहे. पथक येईल त्या दिवशी मुलाला शाळेत पाठवाच. "याचं बोलणं समजत नाही, कान बी तपासा," असे स्पष्ट सांगा. पुढची तपासणी कुठे होते आणि मोबाईलवरून शिकवणी मिळेल का, हेही विचारा. मुख्याध्यापकांकडे विशेष शिक्षकांची चौकशी करा. विचारण्यात कमीपणा नाही. आपले मूल गप्प राहते, म्हणून आपणच बोलायला हवे.

वाचा आणि सांगा
१. मोबाईलवरच्या शिकवणीने गुण येतो, हे संशोधकांनी कसे पाहिले?
२. आधी कान का तपासावा?
३. तुमच्या गावात बोलायला लाजणारे मूल आहे का? त्याच्यासाठी तुम्ही काय कराल?