जुने काम डॉक्टरांना सांगा



मी नोकरीत असताना दम लागतो म्हणून एक गृहस्थ आमच्या वॉर्डात दुसऱ्यांदा दाखल झाले. सिगारेट ओढता का, हे सगळ्यांनी विचारले होते. त्यांनी ती कधी ओढलीच नव्हती. मी मराठीत सहज विचारले, "अंकल, मुंबईत कुठे कामाला होता?" ते म्हणाले, "रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये. बॉयलरला ॲस्बेस्टॉसचा लेप लावायचो." मी लगेच डॉक्टरांना सांगितले. तपासणीची दिशाच बदलली.

ॲस्बेस्टॉस हे खनिज आहे. ते जळत नाही, म्हणून बॉयलर, वाफेचे पाइप, जहाजे, गाड्यांचे ब्रेक आणि सिमेंटचे पत्रे यांत वापरत. त्याचे तंतू डोळ्यांना न दिसण्याइतके बारीक असतात. श्वासाबरोबर ते फुफ्फुसात खोल जातात आणि तिथेच राहतात, कारण शरीराला ते विरघळवता येत नाहीत. त्यांच्याभोवती हळूहळू व्रण धरतात, फुफ्फुस कडक होते. या आजाराला ॲस्बेस्टोसिस म्हणतात. तो बहुधा अनेक वर्षे धुळीत काम केलेल्यांना, आणि तेही वीस-तीस वर्षांनी होतो. त्याच तंतूंमुळे फुफ्फुसाचा किंवा त्याच्या आवरणाचा कर्करोगही होऊ शकतो.

चढण चढताना दम लागणे, कोरडा खोकला, छातीत जडपणा, बोटांची टोके फुगणे, वजन घटणे, यांपैकी काही असेल तर "वय झाले" म्हणून गप्प बसू नका. कुपत खोलीममध्ये जाऊन डॉक्टरांना आपले जुने काम सांगा. एक्स-रे, सीटी स्कॅन आणि श्वासाची चाचणी यांवरून निदान होते.

बायकांनीही हे सांगावे. नवऱ्याचे धुळीने माखलेले कपडे झटकून आपणच धुतले आहेत. त्या धुळीनेही आजार झाल्याची उदाहरणे आहेत.

फुफ्फुसातले व्रण भरून येत नाहीत; पण सिगारेट सोडणे, फ्लू आणि न्यूमोनियाची लस घेणे, श्वासाचे व्यायाम करणे आणि गरज पडल्यास ऑक्सिजन घेणे यांनी आराम पडतो. सिगारेट आणि ॲस्बेस्टॉस एकत्र आले तर कर्करोगाचा धोका फार वाढतो. इस्राएलमध्ये असे काम केले असेल, तर बितुआख लेउमीकडे व्यवसायजन्य आजाराची चौकशी करा.

आपल्यापैकी काही जण इथे आल्यावर ॲस्बेस्टॉसच्या घरांत राहिले. त्यांनी घाबरू नये. शाबूत पत्र्याखाली राहिल्याने सहसा अपाय होत नाही. धोका असतो तो पत्रा फोडण्यात, कापण्यात, घासण्यात. अंगणातली जुनी शेड मुला-नातवंडांकडून पाडून घेऊ नका, पत्रे झाडूने झाडू नका. २०११ च्या कायद्यानंतर या कामावर कडक नियम आहेत. परवानाधारक माणूसच बोलवा.

आज एक कागद घ्या. कुठे, कोणत्या साली, काय काम केले ते लिहा आणि कुपत खोलीमच्या कार्डासोबत ठेवा. हिब्रू अडत असेल तर नातवंडांकडून लिहून घ्या.

सर्वांना उत्तम आरोग्य लाभो.